कौसाबाईंचा खुळखुळा

केज

पुण्याहून केजला एसटीनं पोचायला जवळजवळ सगळा दिवस गेला. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. बीड जिल्ह्यात मी पहिल्यांदाच चालले होते आणि दोन कामं मनाशी ठरवून निघाले होते.

पहिलं काम पुस्तकाचं. पुण्यातल्या एका लहानशा संग्रहालयात मी तीस वर्षं वस्तूंच्या नोंदी करते आहे. वस्तू कुठून आली, कशाची आहे, किती जुनी, किती शाबूत, हे नोंदवहीत उतरवायचं, एवढंच माझं काम. आमच्याकडे जुन्या घंटा आणि खुळखुळे बरेच आहेत. जनावरांच्या गळ्यातल्या, देवळातल्या, आणि उत्खननांत सापडलेले भाजलेल्या मातीचे खुळखुळे. त्यांतले काही दोन हजार वर्षांचे असावेत असं जाणकार म्हणतात. त्यांच्यावर एक छोटं पुस्तक मी लिहायला घेतलं होतं, आणि घंटा कानानं पारखून विकणारा एक माणूस केजला आहे असं कळलं होतं.

दुसरं काम आष्टीकडचं. तिथल्या एका गावातल्या कौसाबाईंनी तीन वर्षांपूर्वी आम्हाला त्यांच्या रानात सापडलेला खुळखुळा दिला होता. लिंबाएवढा, मातीचा, सगळीकडून बंद, अंगावर नखानं ओढल्यासारख्या रेघा. त्यांना द्यायला मी संग्रहालयाचं आभारपत्र आणि एक चौकटीतला फोटो बरोबर घेतला होता. मागच्या वर्षी प्रयोगशाळेत तो खुळखुळा मधोमध कापला, तेव्हा आतले सात खडे कसे दिसले, त्याचा तो फोटो होता. त्यांना तो आवडेल असं मला खरंच वाटलं होतं.

शब्बीरभाईंचं दुकान केजच्या बाजारात सहज सापडलं. पुढे घुंगरमाळा, गोंडे, कासरे, म्होरक्या टांगलेल्या, आणि त्यांच्यामागे बसलेले स्वतः शब्बीरभाई. पासष्टीचे असावेत. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांचे वडील पितळेच्या घंटा स्वतः ओतत. आता ओतीव माल बाहेरून येतो, पण शब्बीरभाई तो आला तसा विकत नाहीत. कानशीनं काठ घासतात, आतला लोलक बदलतात, वाजवतात, पुन्हा घासतात. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर त्यांनी एक स्टूल पुढे केलं आणि आपलं काम चालू ठेवलं.

मी बसलेली असताना एक मेंढपाळ आला. कळपाच्या पुढे चालणाऱ्या मेंढीसाठी त्याला घंटा हवी होती. त्यानं चार-पाच घंटा बाजूला काढल्या, पण एकही वाजवून पाहिली नाही. त्या शब्बीरभाईंच्या हातात दिल्या आणि स्वतः रस्ता ओलांडून पलीकडच्या पानपट्टीजवळ, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मधून जीपा जात होत्या, कुणी हॉर्न वाजवत होतं. शब्बीरभाई एकेक घंटा हलवत होते. तिसरीला त्यानं हात वर केला. तो परत आल्यावर मी त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, "जवळून समद्याच बऱ्या वाटत्यात." मी ते वहीत लिहून घेतलं. आमच्या नोंदवहीत आवाजासाठी एक रकाना आहे, आणि तो भरताना मी वस्तू नेहमी टेबलाशी बसून, कानाजवळ धरून वाजवते.

दुपारी शब्बीरभाईंनी मला जेवायला घरी नेलं. घर दुकानाच्या मागेच. त्यांच्या बायकोनं, हमिदाबींनी, खिचडी आणि खट्टा केला होता. आपल्याकडे खिचडी म्हणजे तूप, पापड, आणि फार तर कढी. इथला खट्टा तीळ आणि चिंचेचा, थंडगार आणि चांगलाच आंबट. मी दोनदा मागून घेतला. नवराबायको आपसात दखनी बोलत, माझ्याशी मराठी, आणि मधेच हमिदाबी "कावून कमी खाताय" असं विचारत. कावून म्हणजे का, हे मला वाढून घेता घेता कळलं.

जेवण झाल्यावर शब्बीरभाईंनी कपाटातून एक डबी आणली. त्यांच्या वडिलांना कबुतरांचा शौक होता. कबुतरांच्या पायात बांधायची घुंगरं ते स्वतः करत, मसुराच्या दाण्याहून जराशी मोठी. डबीत तशी सहा-सात उरली होती. त्यांनी एक चिमटीत धरून माझ्या कानाशी हलवलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

मला काही ऐकू आलं नाही. पण वडिलांची आठवण म्हणून इतक्या हौसेनं दाखवतायत, तर मी म्हणाले, फार गोड आवाज आहे. त्यांनी दुसरं हलवलं. मी म्हटलं, हाही गोड. तिसऱ्यालाही मी मान हलवली.

शब्बीरभाईंनी ते तिसरं घुंगरू माझ्या तळहातावर ठेवलं.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "ह्यात खडाच न्हाई."

हमिदाबी उठून भांडी घेऊन आत गेल्या. असं पकडलं जाण्याची माझ्या वयाला सवय नव्हती. शब्बीरभाईंनी डबी बंद केली आणि बराच वेळ आपल्या वडिलांबद्दल सांगत राहिले. जन्मभर पितळ ठोकून त्यांचेही कान गेले होते. आधी बारीक आवाज जातो, ते म्हणाले. मोठा येतच राहतो. माणसं बोलतात ते कळतं, घंटा कळते, म्हणून वाटतं सगळं ऐकू येतंय. वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी घंटा ओतणं चालू ठेवलं, पण पारखायचं काम मुलाकडे दिलं.

"त्यांना कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"मीच सांगितलं. सहा महिने माझ्याशी बोलले न्हाईत."

निघताना त्यांनी खडा असलेलं एक घुंगरू कागदात बांधून मला दिलं. घरी गेल्यावर कुणाला तरी वाजवायला सांगा, आणि कान दाखवून घ्या, एवढंच म्हणाले.

लिंबागणेश

केजहून मांजरसुंब्यापर्यंत जीपमध्ये मी दोन गोण्या आणि एका आजीच्या मधे बसले होते. वाटेत डोंगर उघडे, मधेच एखाद्या विहिरीभोवती हिरवा तुकडा, आणि ज्वारीची पिवळट शेतं. आजी माझ्याशी बोलत होती आणि तिचं सगळं बोलणं मला कळत होतं. मनात मात्र दुसराच हिशेब चालला होता. मोबाइलची बारीक टिणटिण मला ऐकू येत नाही म्हणून मी फोनच खराब आहे म्हणत होते. गजराचं घड्याळ दोनदा बदललं होतं. पुण्यात आता चिमण्या राहिल्या नाहीत, असं मी कितीतरी जणांना हळहळून सांगितलं होतं, आणि शेजारच्या सुमनताई एकदा म्हणाल्याही होत्या की अहो, तुमच्याच गच्चीत असतात की.

लिंबागणेशला मी देवळातली घंटा ऐकायला थांबणार असं आधीच ठरलेलं होतं. गर्दीचा दिवस नव्हता. पायऱ्यांशी एक फूलवाली, आत दोन-तीन माणसं. मी घंटा वाजवली आणि तिचा घुमारा पार विरेपर्यंत उभी राहिले. सगळा ऐकू आला. दगडातून पायापर्यंत आला. क्षणभर वाटलं, शब्बीरभाईंनी उगाच घाबरवलं.

बाहेर येऊन फूलवालीकडून दूर्वा घेतल्या आणि संकोचत तिला विचारलं, मी जरा एक वस्तू वाजवते, तुम्हाला ऐकू येते का सांगाल? तिला वाटलं मी काही विकायला आले आहे. न्हाई घ्यायचं बाई, म्हणाली. मी समजावून सांगितलं तेव्हा हसली. मी घुंगरू घेऊन दहा पावलं लांब गेले आणि हलवलं. तिनं मान डोलावली. आणखी दहा पावलं. तिनं पुन्हा मान डोलावली. शेवटी मी दीपमाळेच्या पलीकडे जाऊन, तिला माझा हात दिसणार नाही अशा बेतानं, ते हलवलं.

"येतंय," ती तिथून ओरडली. "रातकिड्यावानी."

माझ्या कानाशी धरलेलं होतं ते. मला फक्त माझ्या बोटांची हालचाल कळत होती.

मी तिथंच कट्ट्यावर बसले. आणि बसल्या बसल्या, जीपमध्ये जे मनात येऊ दिलं नव्हतं, ते आलं.

कौसाबाई संग्रहालयात आल्या होत्या तो दिवस मला चांगला आठवतो. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीबरोबर त्या पश्चिमेकडे चालल्या होत्या आणि वाट वाकडी करून मुलासोबत पुण्यात उतरल्या होत्या. पत्र्याच्या डब्यात, बाजरीच्या पिठात खुपसून त्यांनी तो खुळखुळा आणला होता. पीठ झटकून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, वाजतो, पण लई हळू, कानाला लावा. मी कानाला लावला, हलवला. काही नाही. दोनदा, तीनदा हलवला. मग मी हसले आणि म्हणाले, जुना झाला आहे, आतले खडे चिकटले असतील. त्यांनी तो माझ्याकडून परत घेतला, स्वतःच्या कानाशी धरला, आणि म्हणाल्या, "वाजतोय की."

मला वाटलं, ही माया आहे. आपल्या रानात सापडलेली वस्तू, तिला ती वाजतेय असं वाटणारच. त्या गेल्यावर मी आवाजाच्या रकान्यात लिहिलं: मूक.

मागच्या वर्षी एका प्रयोगशाळेला माती तपासायला एक खुळखुळा कापायला हवा होता. वाजणारा खुळखुळा आम्ही कुणालाच कापू दिला नसता. यादी बघून मी त्यांना कौसाबाईंचा काढून दिला. मीच खोक्यात कापूस भरला.

पिशवीतला फोटो मी बाहेर काढला. दोन अर्धुकं, शेजारी ओळीनं सात खडे. एकही चिकटलेला नव्हता. फोटो पहिल्यांदा आला तेव्हाही हे मी पाहिलं होतं, आणि कापताना सुटले असतील असं समजून पुढे गेले होते.

फूलवालीनं येऊन विचारलं, बरं वाटत न्हाई का. तिनं तांब्यातलं पाणी दिलं. मी तिला बीडकडे जाणारी गाडी किती वाजता आहे ते विचारलं, कारण बीडहून पुण्याची एसटी मिळते. आष्टीला न जाता परत जावं, आभारपत्र टपालानं पाठवावं, असं मी अर्धा तास तरी धरून चालले होते. गाडी आली, थांबली आणि गेली. मी चढले नाही. धाडस म्हणून नाही. कौसाबाईंना मी फोनवर येते म्हणून सांगितलं होतं आणि त्यांनी माझ्यासाठी हुरडा राखून ठेवला होता.

आष्टीकडे

कौसाबाईंचं गाव आष्टीच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत. लिंबागणेशला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. निम्म्या घरांना कुलपं होती. माघात इकडची गावं अशीच असतात, म्हातारी माणसं आणि शेरडं मागे ठेवून बाकीचे उसाच्या फडावर. पुण्यात आम्ही शांतता शोधायला सुट्टी काढतो. इथली शांतता बघून मला कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं झालं.

कौसाबाई यंदा गेल्या नव्हत्या. गुडघे धरतात. मुलगा आणि सून गेलेले, कौसाबाई पाच शेळ्यांसह घरी. मला बघून त्या पुढे आल्या, माझ्या हातातली पिशवी घेतली, पाय धुवायला पाणी दिलं. मग आम्ही त्यांच्या रानात गेलो. बांधाशी त्यांनी गोवऱ्यांचा जाळ करून ठेवला होता. कणसं भाजून, तळहातावर चोळून, गरम दाणे माझ्यासमोर पसरलेल्या फडक्यावर टाकायच्या. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. इतका गोड हुरडा मी कधी खाल्लेला नाही.

शेळ्या मागे चरत होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात काही ना काही होतं. मधेच कौसाबाई मागे न बघता म्हणायच्या, काळी हरभऱ्यात शिरली, आणि उठून तिला हाकलून यायच्या. मला त्यांतली एक घंटा ऐकू येत होती, दोन येत होत्या. बाकीच्या येत नव्हत्या.

मग त्यांनीच विचारलं. खुळखुळा कुठं ठेवलाय, काचेत आहे का, लोक येऊन बघतात का. आणि मग, "वाजवून बघू देता का लोकास्नी?"

मी सांगितलं. सगळं एका दमात नाही सांगता आलं. आधी कान, मग केजचं घुंगरू, मग नोंदवहीत काय लिहिलं ते, मग प्रयोगशाळा. फोटो मी काढला नाही. तो दाखवायची माझी हिंमत नव्हती, पण कापला आहे, दोन भाग झाले आहेत, हे शब्द मी उच्चारले.

कौसाबाई कणीस चोळत राहिल्या. हातातले दाणे संपले तेव्हा दुसरं कणीस जाळात सरकवलं.

"मी कानाला लावून दावलं होतं तुमाला."

"हो."

"तुमी हसला होता."

मी हो म्हणाले. त्या हसण्याबद्दल मी क्षमा मागितली, ती मलाच पोकळ वाटली. त्या ऐकत होत्या की नाही कळलं नाही. मग त्या बोलल्या, आणि माझ्याशी बोलत असल्यासारख्या नाही. तो खुळखुळा विहीर खोलवताना निघाला, तेव्हा नात तान्ही होती. पहिला हंगाम त्यांनी तो फडावर नेला. कोपीत, म्हणजे फडावरच्या पाचटाच्या झोपडीत, नात रडायला लागली की त्या तो तिच्या कानाशी हलवायच्या, आणि पोर ऐकायला गप्प व्हायची, कारण रडत राहिलं तर तो ऐकूच यायचा नाही. मग एकदा बैलाचा पाय त्याच्या अगदी जवळ पडला.

"तिथं फुटंल म्हणून तुमच्याकडं दिला," कौसाबाई म्हणाल्या.

जाळ विझत आला होता. त्यांनी काठीनं तो सारखा केला. मला वाटतं, त्या रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर मी ते सोसून पुण्याला गेले असते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, खा, निवल्यावर चव जाते.

थोड्या वेळानं मी त्यांना विचारलं, त्याचा आवाज कसा होता. मला लिहून ठेवायचा होता. निदान शब्दांत तरी कुठे राहावा, असं वाटलं. तिळाच्या बोंडासारखा म्हणाल्या, मग नाही म्हणाल्या. मग उठल्या आणि बांधाच्या कडेनं चालत गेल्या. तिथं एक रानटी झुडूप वाळून उभं होतं, काळपट फुगीर शेंगांचं. ह्या झाडालाच इकडे खुळखुळा म्हणतात. वाळलेल्या शेंगेत बी सुटून वाजतं. त्यांनी एक डहाळी मोडली, हाताचा आडोसा केला आणि माझ्या कानाशी हलवली.

"असा," त्या म्हणाल्या. "पर अजून खालचा. आन् थोडा उशिरा यायचा. हात थांबला की मग."

मला डहाळीचा वारा गालावर लागला. शेंगा एकमेकींवर आपटल्या तेवढं ऐकू आलं, आतलं नाही.

"आला का?"

केजला मी तीनदा खोटं बोलले होते. इथं मी नाही म्हणाले. कौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं. त्यांनी डहाळी खाली ठेवली आणि माझ्या दंडाला धरून मला बांधावरून उतरवलं, जसं एखाद्या आजारी माणसाला उतरवतात.

विहिरीशी आल्यावर त्यांनी विचारलं, आतले खडे कुठे आहेत. मी सांगितलं, प्रयोगशाळेत, एका कुपीत. आणि कवच? ते आमच्याकडे, कपाटात.

"मंग ते एका जागी तरी ठिवा," त्या म्हणाल्या.

मी शब्द दिला.

विहिरीच्या काठावर खोदकामाची माती अजून ढिगानं पडली होती. पावसानं धुतली गेल्यामुळे तिच्यात खापरांचे तुकडे दिसत होते, एक-दोन काठाचे, एक नक्षीचा. तीस वर्षांच्या सवयीनं माझा हात आपोआप पुढे गेला. कौसाबाई माझ्या आणि ढिगाच्या मधे उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत.

"अजून निगतंय," त्या म्हणाल्या. "पर आता मी कुणाला दावणार न्हाई, बाई. राग मानू नका."

मी हात मागे घेतला.

संध्याकाळच्या आधीच मी निघाले. फाट्यापर्यंत त्या सोडायला आल्या, गुडघे दुखत असताना. फडक्यात बांधलेला हुरडा आणि ज्वारीचं अडीच-तीन किलो पीठ त्यांनी माझ्या पिशवीत घातलं, आणि आभारपत्र घरात देवाशेजारी ठेवते म्हणाल्या. एसटी यायला वेळ होता. आम्ही नातीबद्दल बोललो. ती आता चार वर्षांची झाली आहे, सारखी बडबडते, आणि यंदा आईबापाबरोबर फडावर गेली आहे.

पुण्यात

आल्यावर आठवड्याभरात मी कान तपासून घेतले. तपासणाऱ्या मुलीनं मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बाहेर येऊन तिनं कागदावरची रेघ दाखवली. डावीकडून सरळ येणारी आणि मग जिन्यावरून पाय घसरल्यासारखी खाली जाणारी. केव्हापासून असेल असं मी विचारलं. ती म्हणाली, नक्की सांगता येणार नाही, पण पाच-सात वर्षं तरी.

पाच-सात वर्षं. मी संग्रहालयाच्या प्रमुखांना सगळं सांगितलं आणि त्या काळातल्या माझ्या नोंदी पुन्हा तपासायची परवानगी घेतली. आमच्याकडे नुकतीच लागलेली तेजश्री नावाची मुलगी माझ्यासमोर बसली. मी ज्यांच्यापुढे मूक लिहिलं होतं ते खुळखुळे आणि घुंगरं मी एकेक करून हलवायची आणि ऐकू आलं की तिनं बोट वर करायचं. पहिल्या दोन वस्तूंना ती तशीच बसून राहिली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्याला तिनं बोट वर केलं. पुढच्यालाही. त्या दुपारी तिचं बोट पुष्कळदा वर आलं. त्या वस्तू शाबूत होत्या, त्यांच्या नोंदी दुरुस्त करता येत होत्या, आणि तरी दर वेळी मला ते बोट वर येऊ नये असं वाटत होतं.

कौसाबाईंच्या खुळखुळ्याच्या नोंदीत मी मूक हा शब्द खोडला आणि लिहिलं: वाजत होता. वाळलेल्या रानशेंगेतल्या बीसारखा, त्याहून खालच्या स्वराचा. हात थांबल्यावर किंचित उशिरा येई. ऐकणाऱ्या कौसाबाई. खाली माझी सही. प्रमुख म्हणाले, आपण स्वतः न ऐकलेलं असं नोंदवता येतं का. मी म्हटलं, न ऐकलेलं मी आधीही नोंदवलंच होतं.

प्रयोगशाळेला खडे परत पाठवायला लिहिलं. उत्तर सौजन्याचं होतं. सातांतल्या दोन खड्यांची तपासणीसाठी कुटून पूड केली होती, कारण तसं करायची परवानगी आमच्याच पत्रात होती. उरलेले पाच आले. कवचाची दोन अर्धुकं आणि ते पाच खडे मी एका खोक्यात ठेवले आहेत. मी दिलेला शब्द पुरा पाळला, असं म्हणता येणार नाही.

होळीच्या आसपास, टोळ्या परतायच्या सुमाराला, मी कौसाबाईंना फोन केला. पाच खड्यांचं सांगितलं. त्या हं म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या कानांची चौकशी केली, यंत्र बसवलं का, टोचतं का. नात आली आहे, चांगली काळीसावळी झाली आहे उन्हानं. काळी शेळी व्याली, दोन करडं. ज्वारी निघाली, यंदा बरी निघाली. विहिरीला पाणी कमी, म्हणून मुलानं आल्या आल्या पुन्हा खोलवायला काढली आहे, कालपासून माणसं लावली आहेत.

एवढं बोलून त्या थांबल्या. गेली तीन वर्षं प्रत्येक फोनवर मी त्यांना विचारत असे, रानात काही निघालं का. त्या माझ्या विचारण्याची वाट बघत असाव्यात, किंवा मी विचारू नये याची. मी करडांची नावं विचारली.